‘टेन रिलिंग्टन प्लेस’ : इव्हान्सला फासावर नक्की कुणी चढवलं?

प्रश्न असा आहे : ‘१९७१ सालचा “टेन रिलिंग्टन प्लेस” पाहिला. सत्यघटना म्हणतात. पण निरपराध माणूस स्वतःहून पोलिसांकडे जातो, मग खुनाची कबुली देतो, आणि खरा खुनी त्याच्याच विरुद्ध सरकारचा साक्षीदार म्हणून उभा राहतो, हे पचत नाही. यात मीठमसाला किती? आणि आपल्याकडे असं घडू शकतं का?’

मी फौजदारी वकील आहे आणि माझी बहुतेक कामं बचावाच्या बाजूची असतात. त्यामुळे हे उत्तर सिनेरसिकाचं कमी आणि कागद चाळणाऱ्याचं जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मीठमसाला फारसा नाही. रिचर्ड फ्लायशरने हा चित्रपट जवळजवळ कोरडेपणाने केलाय. बाहेरची दृश्यं लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या त्याच गल्लीत चित्रित झाली. त्यानंतर ती गल्ली पाडून टाकली. फाशीचं दृश्य अचूक व्हावं म्हणून अल्बर्ट पिअरपॉइंटचा सल्ला घेतला होता, म्हणजे ज्याने या निरपराध टिमथी इव्हान्सला खरोखर फाशी दिली त्याच माणसाचा. ते दृश्य किती भराभर संपतं ते तुम्ही पाहिलंच असेल. फाशीघरात तेवढाच वेळ लागायचा. चित्रपट ज्या बाबतीत मला अपुरा वाटतो, ती बाब वेगळी आहे. तो पाहून बाहेर पडणारा माणूस म्हणतो, ‘खरा खुनी, तो ख्रिस्टी, केवढा पाताळयंत्री!’ पण एकट्या ख्रिस्टीच्या खोटेपणाने कुणी फासावर जात नाही. त्यासाठी नीट बांधलेली फाइल लागते, आणि या फाइलमधून काही कागद बाजूला पडावे लागतात.

आधी घर डोळ्यांसमोर आणा. तीन मजली अरुंद घर. तळमजल्यावर जॉन ख्रिस्टी आणि त्याची बायको एथेल, सगळ्यात वर इव्हान्स, बेरिल आणि त्यांची तान्ही मुलगी जेराल्डिन. मधल्या मजल्यावरचे म्हातारे भाडेकरू त्या दिवसांत इस्पितळात होते. मागच्या अंगणात सगळ्यांचा मिळून एक संडास आणि त्याला लागून धुण्याची खोली. ही खोली साधारण साडेचार फूट लांब-रुंद, बस्स. या मापाला पुढे महत्त्व आहे.

इव्हान्स पंचवीस वर्षांचा, वेल्समधल्या मर्थर टिडफिलचा, लंडनमध्ये व्हॅन चालवायचा. लहानपणी पायाच्या जखमेने शाळा बुडाली ती बुडालीच; स्वतःच्या नावापलीकडे फारसं लिहिता-वाचता येत नव्हतं. थापा मारण्याची सवय होती. बायकोशी भांडणं व्हायची, हातही उगारला जायचा. १९४९ मध्ये बेरिलला पुन्हा दिवस गेले आणि तिला मूल नको होतं. ब्रिटनमध्ये गर्भपात कायदेशीर झाला तो १९६७ च्या कायद्याने. तोवर तो गुन्हा होता. खालचा ख्रिस्टी म्हणाला, मला यातलं कळतं, मी करून देतो. चित्रपटात पुढे जे दिसतं ते इव्हान्सच्या दुसऱ्या जबाबाशी बऱ्यापैकी जुळतं : संध्याकाळी इव्हान्स कामावरून आला तेव्हा बेरिल मेलेली होती, आणि ख्रिस्टी म्हणाला की गर्भपातात गेली, आता बोभाटा केलास तर दोघंही आत जाऊ. मुलीला ईस्ट अ‍ॅक्टनच्या एका जोडप्याकडे देतो असंही त्याने सांगितलं. इव्हान्सने सामान विकलं आणि मर्थरला नातेवाइकांकडे निघून गेला. बायको कुठे आहे असं विचारलं की वेगवेगळी उत्तरं द्यायचा.

आता जबाबांकडे या, कारण सगळा खटला तिथे आहे. ३० नोव्हेंबर १९४९ ला हा माणूस आपण होऊन मर्थरच्या पोलीस ठाण्यात गेला. पहिला जबाब : बेरिलने गर्भपातासाठी काहीतरी औषध घेतलं, ती मेली, मी प्रेत घरासमोरच्या गटारात टाकलं. लंडनच्या पोलिसांनी जाऊन पाहिलं. गटाराचं झाकण उचलायलाच तिघे लागले, आणि आत काही नाही. दुसरा जबाब : मघाशी खोटं बोललो, ख्रिस्टीला वाचवत होतो, हे त्याने केलंय. पोलिसांनी घर पाहिलं, त्या वेळी हाती काही लागलं नाही. २ डिसेंबरला पुन्हा झडती झाली तेव्हा धुण्याच्या खोलीत, लाकडांच्या आड बेरिलचं प्रेत सापडलं आणि जवळच मुलीचं. दोघींचा गळा आवळलेला. मुलीच्या गळ्यात टाय तसाच होता.

त्या रात्री इव्हान्सला गाडीने लंडनला आणून नॉटिंग हिल पोलीस ठाण्यात बसवलं. समोर दोघींच्या कपड्यांचा ढीग मांडला. प्रेतं कुठे मिळाली आणि कशी मिळाली हे सांगितलं, आणि हे तूच केलंस का, असं विचारलं. तो हो म्हणाला. मग सविस्तर कबुलीजबाब लिहिला गेला : ८ नोव्हेंबरला भांडण, दोरीने बायकोला मारलं, रात्री धुण्याच्या खोलीत ठेवलं, १० तारखेला टायने मुलीला मारलं, तिथेच ठेवलं.

चित्रपट इथे फार रेंगाळत नाही. मी मात्र रेंगाळेन, कारण ‘निरपराध माणूस कबूल कसा होईल?’ हा तुमचा प्रश्न इथेच सुटतो. इव्हान्सने कोर्टात याची दोन कारणं दिली. मुलगी गेली हे ऐकून आता जगायचं कशासाठी असं झालं, आणि नाही म्हटलं तर पोलीस खाली नेऊन मारतील अशी भीती वाटली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मुलगी मेली हे त्याला त्याच रात्री पहिल्यांदा कळलं होतं. त्यात तो निरक्षर, थकलेला, स्वतःला आधीच अर्धा गुन्हेगार समजणारा, कारण गर्भपाताला त्याची मूक संमती होती. असा माणूस रात्री उशिरा काय वाटेल त्याला हो म्हणतो. कबुलीत खुन्यालाच ठाऊक असणारे तपशील होते, असं सरकार पक्ष म्हणाला. पण ते तपशील तोवर विचारणाऱ्यांनाही ठाऊक होते. कुणाच्या तोंडून आधी निघाले, हे सांगायला ठाण्यातल्या लोकांच्या शब्दापलीकडे काही पुरावा नाही. इंग्लंडमध्ये जबाबांचं ध्वनिमुद्रण, वेळेच्या नोंदी वगैरे बंधनं कायद्यात आली ती १९८४ च्या पोलीस कायद्यानंतर.

पण कबुली खोटी आहे हे दाखवणारा पुरावा त्याच आठवड्यात पोलिसांच्या हातात होता. त्या नोव्हेंबरात घराची डागडुजी चालली होती. चित्रपटात कामगार दिसतात ते उगाच नाही. गवंडीकाम करणारे लोक आपलं सामान त्याच धुण्याच्या खोलीत ठेवत होते. शुक्रवारी, ११ नोव्हेंबरला त्यांनी काम आटोपलं, खोली झाडून काढली. त्यांचं पहिलं सांगणं साधं होतं : तिथे प्रेतं नव्हती. साडेचार फुटांच्या खोलीत एका बाईचं आणि एका बाळाचं प्रेत आहे आणि रोज आत-बाहेर करणाऱ्यांना, केर काढणाऱ्याला दिसलं नाही, हे कसं मानायचं? शिवाय ज्या लाकडांच्या आड बेरिलचं प्रेत लपवलं होतं, त्या घराच्या जमिनीतून काढलेल्या जुन्या फळ्या सुताराने ख्रिस्टीला दिल्या त्याच मुळी सोमवारी, १४ तारखेला. कबुली म्हणते ८ आणि १०. कामगार म्हणतात ११ ला खोली रिकामी. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

यातून मार्ग काय काढला? कामगारांना पुन्हा बोलावलं, तासन् तास बसवलं, आणि दुसऱ्या खेपेच्या जबाबात ‘कदाचित आमच्या लक्षात आलं नसेल’ असा सूर आला. पहिले जबाब बचावाच्या वकिलांपर्यंत पोचले नाहीत. ज्युरीला हा विषय ठाऊकच नव्हता.

मला विचाराल तर इव्हान्सचा खटला इथे, डिसेंबर १९४९ मध्ये संपला. जानेवारीत जे झालं ते औपचारिक होतं. यात पोलीस दुष्ट होते असं मी म्हणत नाही. त्यांना मनापासून वाटत होतं की माणूस मिळालाय, कबूल झालाय, आता न बसणारा पुरावा म्हणजे कुणाचा तरी विसराळूपणा. असंच चालतं. तपास अधिकारी खोटा पुरावा उभा करण्यापेक्षा न जुळणारा पुरावा गुळगुळीत करतो, तेही स्वच्छ मनाने. त्याच झडतीत अंगणातली वेल चढवायला आधार म्हणून एक मांडीचं हाड लावलेलं होतं. माणसाचं. १९४३ आणि १९४४ मध्ये ख्रिस्टीने मारलेल्या दोन बायका त्या अंगणात पुरलेल्या होत्या, त्यांतल्या एकीचं. कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण कुणी अंगणात काही शोधतच नव्हतं.

ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टातला खटला ११ जानेवारी १९५० ला सुरू झाला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे खुनाचा एकच आरोप एका खटल्यात चालवायचे, म्हणून आरोप फक्त जेराल्डिनच्या खुनाचा होता, पण बेरिलच्या मृत्यूचा पुरावा सगळा आत घेतला. हे बचावाच्या दृष्टीने फार वाईट. बाळाला मारणारा बाप समोर उभा केला की ‘बायकोने चिडवलं’ वगैरे कुठलीही सहानुभूती संपते. सरकारी वकील क्रिसमस हम्फ्रीज. (तीनच वर्षांनी डेरेक बेंटलीच्या खटल्यातही हेच सरकारी वकील होते, आणि फाशी देणारा पिअरपॉइंटच. बेंटलीची शिक्षा १९९८ मध्ये अपील कोर्टाने रद्द केली.) बचावाला माल्कम मॉरिस. त्यांनी ख्रिस्टीच्या जुन्या शिक्षा बाहेर काढल्या : चोऱ्या, आणि १९२९ मध्ये एका बाईच्या डोक्यात क्रिकेटची बॅट घातल्याबद्दल झालेली सहा महिन्यांची सक्तमजुरी. पण सरकार पक्षाचं उत्तर तयार होतं. हा माणूस पहिल्या महायुद्धात वायूने जखमी झालेला, दुसऱ्या महायुद्धात राखीव पोलीस शिपाई म्हणून काम केलेला, आता वर्षानुवर्षं सरळ वागणारा. चित्रपटात ख्रिस्टी झालेल्या रिचर्ड अटेनबरोने वापरलेला तो कुजबुजता आवाज अभिनेत्याची लकब नाही. वायूने आवाज गेला असं ख्रिस्टी स्वतःच सांगायचा. साक्षीच्या पिंजऱ्यात त्या आवाजाने त्याचं फार भलं केलं असणार. हळू बोलणारा साक्षीदार खरा वाटतो. उलटतपासात त्याच्यावर आवाज चढवला की वकीलच खलनायक दिसतो.

आणि इव्हान्सचा उलटतपास. त्याला विचारलं, ख्रिस्टी तुझ्या बायकोला कशासाठी मारेल? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ख्रिस्टी दिवसभर घरी असायचा, एवढंच तो सांगू शकला. आज ते उत्तर वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या दिवशी कोर्टात ते हास्यास्पद वाटलं असेल. आरोपीने खऱ्या खुन्याचा हेतूही सिद्ध करावा, असं कायदा कुठेच म्हणत नाही. तरी ज्युरी मनातल्या मनात तेच मागत असते. चाळीस मिनिटांत निकाल आला. २० फेब्रुवारीला अपील फेटाळलं, आणि ९ मार्च १९५० ला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी. शेवटपर्यंत तो हे ख्रिस्टीने केलं असंच म्हणत होता.

चित्रपटात जॉन हर्टने इव्हान्स ज्या पद्धतीने उभा केलाय त्याला तोड नाही, आणि त्याचं कारण म्हणजे त्याने त्याला गरीब बिचारा केलं नाही. बढाईखोर, चिडका, गोंधळलेला असाच ठेवला. अशीलं अशीच असतात. खोटं बोलणारा आरोपी दोषी असतोच, ही समजूत कोर्टात जितकी माणसं बुडवते तितकी दुसरी कुठलीही बुडवत नसेल.

पुढे १९५३ च्या मार्चमध्ये वरच्या मजल्यावरच्या एका भाडेकरूला रेडिओ ठेवायला भिंतीत आधार बसवायचा होता. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातला कागद सोलला तर आत कोनाडा, आणि त्यात तीन बायकांची प्रेतं. बैठकीच्या खोलीच्या फळ्यांखाली एथेल ख्रिस्टी. मग अंगण खणलं. इव्हान्सच्या फाशीनंतर ख्रिस्टीने आणखी चार बायका मारल्या होत्या. त्याने बेरिलला मारल्याचं कबूल केलं, बाळाचं मात्र नाही. एथेलच्या खुनासाठी त्याच्यावर खटला चालला आणि १५ जुलै १९५३ ला त्याच पेंटनव्हिलमध्ये, पिअरपॉइंटच्याच हातून फाशी झाली.

आता वाटेल की इव्हान्स लगेच निर्दोष ठरला असेल. नाही. घाईघाईने एक चौकशी बसवली, स्कॉट हेंडरसन नावाच्या वकिलांची. ती बंद दाराआड चालली, आणि निष्कर्ष आला की दोन्ही खून इव्हान्सनेच केले. बेरिलबद्दलची ख्रिस्टीची कबुली विश्वासार्ह नाही. म्हणजे एकाच घरात, एकाच काळात, एकमेकांशी संबंध नसलेले दोन गळा आवळणारे राहत होते, आणि त्यातल्या एकाने अख्ख्या लंडनमधून नेमक्या दुसऱ्याच्या नावाकडे बोट दाखवलं! १९५० मध्ये गृहमंत्री असताना दयेचा अर्ज नाकारणारे चूटर ईड यांनी मात्र १९५५ मध्ये संसदेत उभं राहून सांगितलं की ‘कायद्याप्रमाणे होऊ द्या’ असं इव्हान्सच्या कागदांवर लिहिणारा गृहमंत्री मीच, आणि त्यात चूक झाली असं मला वाटतं. फाशी रद्द व्हावी म्हणून नंतर ते बोलत राहिले. या प्रकरणावरचं लुडोविक केनेडी यांचं पुस्तक १९६१ चं. चित्रपट त्यावरच बेतलेला आहे, म्हणून तो केनेडींची मांडणी, म्हणजे दोन्ही खून ख्रिस्टीचेच, पूर्णपणे स्वीकारतो हे लक्षात ठेवा.

कारण दुसरी मांडणी आहे. न्यायमूर्ती ब्रॅबिन यांनी १९६५-६६ मध्ये दुसरी चौकशी केली आणि म्हटलं की इव्हान्सने बहुधा बेरिलला मारलं असावं, पण जेराल्डिनला नाही. हा निष्कर्ष मला पटत नाही. कामगारांचा पुरावा त्यात नीट बसत नाही. पण त्याचा एक विचित्र परिणाम झाला : इव्हान्सला शिक्षा फक्त मुलीच्या खुनाबद्दल झाली होती, त्यामुळे गृहमंत्री रॉय जेंकिन्स यांना ऑक्टोबर १९६६ मध्ये मरणोत्तर माफी देता आली. तोवर, १९६५ मध्ये, खुनासाठीची फाशी पाच वर्षांपुरती स्थगित झाली होती. १९६९ मध्ये ती कायमची गेली. चित्रपट आला तेव्हा ती जखम ताजी होती, आणि फाशी परत आणा म्हणणारेही होते.

माफी म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. शिक्षा रद्द करण्यासाठी प्रकरण अपील कोर्टाकडे पाठवावं, म्हणून इव्हान्सच्या कुटुंबीयांनी प्रयत्न केले. २००३ मध्ये भरपाई मंजूर झाली, पण २००४ मध्ये हायकोर्टाने म्हटलं की त्याने बायकोला किंवा मुलीला मारलं नाही हे मान्य, तरी आता एवढ्यासाठी पुन्हा अपील चालवण्याचा खर्च समर्थनीय नाही. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या १९५० चा निकाल तसाच उभा आहे.

आपल्याकडे असं होऊ शकतं का? कबुलीच्या बाबतीत आपला कायदा इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्यापेक्षा कडक आहे. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. इव्हान्सचा नॉटिंग हिलचा जबाब सेशन्स कोर्टात वाचलाच गेला नसता. अर्थात पळवाटा आहेत. आरोपीच्या निवेदनावरून वस्तू मिळाली की तेवढा भाग चालतो, आणि त्यासाठी मेमोरंडम पंचनामे (आरोपीने वस्तू दाखवतो म्हटल्याच्या पंचांसमोरच्या नोंदी) कसे ‘घडतात’ हे तालुका कोर्टातला शिकाऊ वकीलही सांगेल. महाराष्ट्रात मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या कलम १८ खाली अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरतात. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात अशा कबुल्या होत्या. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडलं, त्यात पाच फाशीची शिक्षा झालेले होते, आणि त्या कबुल्या न्यायालयाने नाकारल्या. सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. पण सुटलेल्यांना पुन्हा आत घातलं नाही.

कबुलीपेक्षा कामगारांच्या पहिल्या जबाबांसारखी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते, कारण तिला कलम २३ चा पहारा नाही. साक्षीदार आधी एक सांगतो, नंतर दुसरं; आरोपपत्रात दुसरं येतं. महाराष्ट्रातल्याच २००३ च्या एका खून आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या समाजातल्या सहा जणांना शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी कायम केली आणि ज्या तिघांची शिक्षा उच्च न्यायालयाने कमी केली होती त्यांनाही फाशी दिली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि तो जबाब सरकार पक्षाने कोर्टापुढे आणलाच नव्हता. २०२१ पासून सर्वोच्च न्यायालयाचा नियम आहे की सरकार पक्ष ज्या जबाबांवर आणि वस्तूंवर विसंबून नाही त्यांचीही यादी आरोपीला द्यायची. प्रत्यक्षात ती यादी बहुतेक वेळा मागावी लागते, आणि मागणारा वकील आरोपीला परवडावा लागतो.